निरंक

देपालपूरच्या बाजूला आमची थोडी शेती आहे. आजोबांनी होळकरशाहीत घेतलेली, वडिलांनी नोकरी सांभाळून टिकवलेली, आणि मी इंदूरला रामबागेत बसून बटाईने करवतो ती. वर्षातून तीन-चार फेऱ्या होतात. यंदा गव्हाच्या हिशेबाला गेलो तर वेशीवर, हनुमानाच्या ओट्याअलीकडे, पत्र्याची नवी पाटी ठोकलेली दिसली. पांढऱ्यावर लाल अक्षरं: ‘फेरीवाले, कबाड़ी व अपरिचित व्यक्तियों का प्रवेश वर्जित है. आज्ञा से, समस्त ग्रामवासी.’ पाटीच्या वर विजेच्या खांबावर कॅमेरा. त्याचं तोंड रस्त्याकडे.

हिवाळ्यात गावातल्या तीन विहिरींवरच्या मोटरी गेल्या होत्या. चौथ्या शेतातली दोनशे फूट केबल कापून नेली होती. तांब्याला भाव आहे तोवर केबल शेतात सुखाने झोपणार नाही, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. चोरी भावामागून चालते. फेब्रुवारी २०२४ मध्ये लसणाचा भाव चढला तेव्हा छिंदवाड्याकडच्या शेतकऱ्यांनी लसणाच्या वावरात कॅमेरे बसवले होते. भाव उतरल्यावर त्या लसणाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. आमच्या गावाने मात्र निष्कर्ष वेगळा काढला: बाहेरचे लोक येऊन हेरून जातात. मग पाटी आली, कॅमेरा आला, पोरांची रात्रीची गस्त आली आणि फोनवर एक गट उघडला गेला. त्या गटावर रात्री साडेअकराला ‘खेड़े की तरफ दो लोग देखे’ असा निरोप पडला की पंधरा लाठ्या बाहेर निघतात.

मी बटाईदाराला विचारलं, चारपैकी रिपोर्ट किती जणांनी लिहिला? एकाने. त्याची मोटर नवी होती, दुकानाचं बिल खिशात होतं. बाकीच्यांकडे बिल नव्हतं, वेळही नव्हता. ठाणं सोळा किलोमीटरवर. जाण्यात एक दिवस जातो, आणि गेल्यावर सही होईलच असं नाही. आणि कोटवार, म्हणजे गावचा सरकारी राखणदार? तो ठाण्यात हजेरीला जातो तेव्हा गावची खबर देतो ना? तो ओट्यावरच बसला होता. म्हणाला, ‘निरंक लिखा दी, भाऊसाब.’

सरकारी कागदावर काही सांगण्यासारखं नसलं की निरंक लिहितात. या एका शब्दावर आमच्या गावाची अब्रू उभी आहे. ‘आपणा गाम में आज तक कई नी हुओ,’ असं पटेल, म्हणजे आमच्याकडचे पाटील, छातीवर हात ठेवून सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी खरंच काही झालेलं नाही. मी चाळीस वर्षं या गावात येतो आहे. मला एक विहिरीत पडलेली सून आठवते. पाय घसरला म्हणाले, लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मेढ, म्हणजे बांध, कोरण्यावरून मोडलेला एक हात आठवतो, तो वीस हजारांत आणि दोन नारळांत मिटला. खालच्या मोहल्ल्यातल्या एका नवरदेवाला घोडीवरून उतरवलं होतं, वरात गावाबाहेरच्या रस्त्याने गेली. यातली एकही गोष्ट कुठल्याच आकड्यात नाही.

म्हणून गावात गुन्हेगारी वाढली का, या प्रश्नाला मला आधी आडवं जावंसं वाटतं. गुन्ह्याचा दर आपल्याकडे दर लाख लोकसंख्येमागे काढतात. १९५३ पासून देशाचे असे वार्षिक आकडे निघतात. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला, तेव्हापासून ते काम त्याच्याकडे आहे. लाखाचं माप इंदूरसारख्या शहराला ठीक बसतं. आमचं गाव चौदाशे वस्तीचं. वर्षात एक चोरी नोंदली गेली तर दर होतो ७१. तीन नोंदल्या गेल्या तर २१४. एखाद्या वर्षी चोराला दुसरं गाव सोयीचं पडलं की दर शून्य. या हिशेबाने आमचं गाव एका वर्षी रामराज्य आणि पुढच्या वर्षी जंगलराज ठरेल, आणि दोन्ही वर्षं त्याच त्या विहिरी, त्याच त्या मोटरी. छापील आकडे जिल्ह्याखाली उतरत नाहीत ते बरंच आहे म्हणायचं. एकाच एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी मोजताना त्यातला सर्वांत गंभीर तेवढा धरतात, ही आणखी एक गंमत.

त्यात नव्या कायद्याने भर घातली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३०३ व्या कलमात चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली आहे. पोटासाठी चोरणाऱ्या पोराला तुरुंगात घालू नये, हा विचार मला पटतो. पण सोबत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, परिशिष्टात अशी चोरी अदखलपात्र केली आहे. म्हणजे ठाणेदार ती वहीत टिपणार आणि फिर्यादीला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगणार. हुकूम नसेल तर तपास नाही. शहरात पाच हजार म्हणजे जुना फोन. गावात पाच हजारांच्या आत काय काय येतं पाहा: स्टार्टर, फूटव्हॉल्व्ह, पन्नास फूट केबल, फवारणीचा पंप, दोन पोती लसूण, पाच कोंबड्या. जुनी मोटरसुद्धा, कागदावर तिची किंमत चार हजार लिहिली की. उभं पीक पाण्यावर आलेलं असताना स्टार्टर गेला तर नुकसान स्टार्टरच्या किमतीचं नसतं, पण कायद्याच्या तराजूत तेवढंच टाकलं जातं. गावातल्या बहुतेक चोऱ्या या उंबऱ्याच्या आतच राहणार. पुढच्या काही वर्षांत ग्रामीण चोऱ्या घटल्या असं कोणी मंचावरून सांगितलं, तर ऐकणाऱ्याने पाच हजारांची ही रेघ आठवावी.

उलटंही होतं, आणि त्याचा एक चांगला दाखला मध्य प्रदेशाचाच आहे. इथल्या १८० पोलिस ठाण्यांवर एक प्रयोग झाला. काही ठाण्यांत महिलांसाठी मदत कक्ष उघडले, काहींत उघडले नाहीत. कुठल्या ठाण्याला कक्ष द्यायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना खरी व्हावी. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि कक्ष महिला अधिकाऱ्याच्या हाती होता तिथे ती विशेष वाढली. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल, अरेरे, त्या ठाण्यांच्या हद्दीत बायकांवरचे अत्याचार वाढले. अत्याचार होतेच, त्यांना आता दार सापडलं. आमच्या गावात उद्या तीन सुनांनी रिपोर्ट लिहिले, तर मी म्हणेन गाव थोडं सुरक्षित झालं. पटेल म्हणतील नाक कापलं गेलं. वाद इथेच आहे.

निरंकाचं बक्षीस लावलं की काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे, महाराष्ट्रात. १५ ऑगस्ट २००७ ला तिथे तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. माझ्या आतेभावाचं गाव बक्षीस मिळवून आलं, ग्रामपंचायतीसमोर फलक लागला. बांधाचे, वाटणीचे, रस्त्याचे कितीतरी जुने वाद त्या समित्यांनी मिटवले, आणि कोर्टात तीन पिढ्या घालवण्यापेक्षा ते शतपटीने बरं. ज्याने दिवाणी दावा भोगला आहे तो याला नावं ठेवणार नाही. पण गावाला बक्षीस हवं असतं तेव्हा तडजोड कोणी करायची हे आधीच ठरलेलं असतं. बांधावरचे दोघे तुल्यबळ असले तर तडजोड न्यायाची होते. एक पटेल आणि एक हाळी, म्हणजे सालगडी, असला तर हाळीच समजूतदारपणा दाखवतो.

गावच्या शांततेचा आमच्याच जिल्ह्यातला दाखला मात्र फार जुना आहे, आणि तो मला आमच्या घरी कधीच कोणी सांगितला नाही. डॉ. आंबेडकरांच्या ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या, प्रत्यक्षात कधीच न झालेल्या भाषणात तो वाचला. जानेवारी १९२८ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली बातमी त्यांनी त्यात दिली आहे. इंदूर संस्थानातल्या कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधरा गावांतल्या सवर्णांनी, पटेल आणि पटवाऱ्यांसह, आपापल्या गावच्या बलायांना, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीच्या लोकांना, नियम घालून दिले. जरीकाठी पगडी घालायची नाही. रंगीत किनारीचं धोतर नेसायचं नाही. सवर्णांच्या घरी कोणी मेलं तर नातेवाइकांना कळवायला जायचं, ते कितीही लांब राहत असोत. बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, सवर्ण बायकांच्या बाळंतपणाला हजर राहायचं. मेहनताना मागायचा नाही, खुशीने देतील तो घ्यायचा. हे पटत नसेल त्याने गाव सोडायचं. बलायांनी नाही म्हटलं. मग विहिरी बंद, गुरं चारायला बंदी, सवर्णांच्या जमिनीतून पाय टाकायलाही मनाई. शेकडो बलाई बायकामुलांसह धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेरकडे निघून गेले.

होळकर दरबाराकडे अर्ज गेले होते. पण चोरी झाली नव्हती, दरोडा पडला नव्हता. त्या सालची त्या गावांची गुन्ह्यांची वही कोणी उघडली असती तर काय दिसलं असतं, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. बिचोली आज इंदूरच्या पोटात आहे. बायपासजवळ तिथे फाटकबंद कॉलन्या झाल्या आहेत, फाटकावर गार्ड आहे आणि गार्डच्या वहीत मोलकरणीला रोज सही करावी लागते. आमचे दोन नातेवाईक तिथे राहतात. ‘एकदम सेफ आहे हो,’ असं म्हणतात.

म्हणून पाटीवरच्या ‘अपरिचित’ या शब्दाशी माझं भांडण आहे. गावाला ज्याची भीती वाटते आणि गावाला ज्याच्यापासून इजा होते, ती माणसं बहुधा निराळी असतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी आकडेच दरवर्षी सांगतात. मेढ कोरणारा शेजारी असतो, सुनेला मारणारा घरातला. मोटरीचंही तसंच आहे. कुठल्या विहिरीवरची मोटर बोल्टांनी जखडलेली नाही, कोणाच्या शेतावर रात्री कोणी झोपत नाही, हे भंगार घ्यायला दुपारी दहा मिनिटं आलेल्या माणसाला कसं कळणार? माल विकायला बाहेरचा लागत असेल. वाट दाखवणारा आतला असतो. हे मी म्हटलं तेव्हा ओट्यावर एकदम शांतता पसरली. आतला म्हणजे कोण, याचे दोन-तीन अंदाज सगळ्यांच्या मनात होते, आणि त्यातला एक चांगल्या घरचा होता.

बाहेरच्याची भीती फुकट पडत नाही, तिची किंमत कोणीतरी जिवाने देतं. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच इंदूर-उज्जैन भागातले काही शेतकरी मजुरांना दिलेली उचल परत मागायला धार जिल्ह्यात गेले होते. मनावरजवळच्या बोरलाई गावात मुलं पळवणारी टोळी आली अशी आवई उठली. जमावाने दगड-लाठ्यांनी ठेचलं. एक मेला, बाकीचे कसेबसे वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी असंच मारलं. दोन्हीकडे फोनवरचे निरोप होते, दोन्हीकडे गाव आपल्या लेकरांच्या रक्षणाला धावलं होतं. बोरलाईची गोष्ट मी आमच्या गस्तीच्या पोरांना सांगितली. ती त्यांना माहीत होती. तिथे मार खाणारे आपल्यासारखेच गव्हा-सोयाबीनचे शेतकरी होते, हे माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या वेशीवर आपण सगळेच अपरिचित असतो, हे त्यांना पटल्यासारखं वाटलं. निदान त्या संध्याकाळपुरतं. पारधी, कंजर, सांसी यांच्याबद्दल मात्र नाही पटलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला. डेरा पडलेला दिसला की गावाच्या कपाळावर पडणारी आठी कुठल्या कायद्याने रद्द होणार?

गाव कशाला गुन्हा म्हणतं, हाही एक मजेदार विषय आहे. आमच्या शेतापासून फार लांब नाही ते गौतमपुरा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे गौतमपुऱ्याचे तुर्रा आणि रुणजीचे कलंगी असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहून हिंगोटाची बंदुकीची दारू भरलेली पेटती फळं एकमेकांवर फेकतात. दरवर्षी कितीतरी जण भाजतात, २०१७ मध्ये एक तरुण गेला. पोलिस असतात, रुग्णवाहिका उभी असते, हजारो बघे असतात. त्याला परंपरा म्हणतात. मीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवल्या आहेत, तेव्हा फार शहाणपणा शिकवण्याचा मला अधिकार नाही.

मग मोटरी वाचवायच्या कशा? कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. रस्त्यावरची एखादी गाडी त्यात सापडेलही. पण त्याच पैशात एक गोष्ट जास्त कामाची झाली असती. मध्य प्रदेशात प्रत्येक गावाला किंवा गावांच्या गटाला कोटवार असतो. भू-राजस्व संहिता, १९५९, कलम २३०. महाराष्ट्रातल्या वाचकाने कोतवाल किंवा जागल्या समजावा. कुठे त्याला सेवेची जमीन असते, कुठे तुटपुंजं मानधन. मुनादी म्हणजे दवंडी देणं, पटवाऱ्यामागे साखळी ओढणं, तहसीलचे कागद घरोघर पोचवणं आणि ठाण्याला खबर देणं, ही त्याची कामं. ठाण्यात बसलेल्या कुठल्याही माणसापेक्षा गाव त्याला जास्त कळतं. आमच्या कोटवाराला हिवाळ्यातल्या चारही चोऱ्यांच्या रात्री तारखेनिशी पाठ आहेत. कोणाचं पोरगं आठवडाभर रात्री घरी नव्हतं हेही, बहुधा. ते सगळं त्याच्या डोक्यात आहे आणि कागदावर निरंक आहे.

मी सुचवलं ते एवढंच. गावाने एक वही ठेवावी. कोंबडीपासून मोटरीपर्यंत गेलेलं सगळं त्यात तारखेनिशी लिहावं, किंमत पाच हजारांच्या आत असो की बाहेर. मोटरीवर मालकाचा नंबर कोरून तो वहीत टिपावा, म्हणजे बिल हरवलं तरी ओळख राहील. आणि एफआयआरसाठी एक दिवस मोडण्याची गरज आता तितकी नाही: नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची, हद्द कोणाची आहे हे कारण सांगून ठाण्याला नोंद नाकारता येत नाही, आणि प्रत फुकट मिळते. हे काम कोटवाराने फोनवर करून द्यावं, पंचायतीने त्याबद्दल त्याला महिन्याला वेगळे पैसे द्यावेत. वर्षाची वही ग्रामसभेत वाचली की ठाणेदारालाही लक्षात येईल की आपल्या रजिस्टरात एक चोरी आहे आणि गावाच्या वहीत अकरा. अकरा नोंदी एकत्र पाहिल्या तर वार, अमावास्या, विजेची पाळी यांचा काही मेळ दिसेल. सुटी चोरी नशीब वाटते.

यावर पटेलांनी आक्षेप घेतला तो चुकीचा नव्हता. म्हणाले, वही ठेवली की गावात वैर वाढेल. आज मोटर लिहाल, उद्या कोणी नवऱ्याची मारहाण लिहायला येईल. मी म्हटलं, यावी. ते हसले. दुसरा आक्षेप माझा स्वतःवरचाच आहे, आणि तो मला जास्त बोचतो. आमच्याकडे कोटवार बहुधा बलाई असतो, जसा महाराष्ट्रात वेसकर महार असे. अख्ख्या गावाची राखण ज्याने करायची त्यालाच गावाबाहेर ठेवायचं, ही ती व्यवस्था. याच इंदूर जिल्ह्यात महूला जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते हे जोखड उतरवायलाच. बिचोलीची ती बातमीही त्याच सालची. आता मी शहरातून मोटारीने येऊन म्हणणार, कोटवाराला पुन्हा कामाला लावा! पैसे वेगळे द्या म्हटलं, तरी पंचायत ते कोणाच्या हातून देणार आणि किती वेळा मागायला लावणार, हे मला माहीत आहे. आणि त्याच्या वहीत पटेलांच्या पुतण्याचं नाव आलं तर?

निघताना मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. वही आणून देतो, लिहिशील का? तो आठवीपर्यंत शिकला आहे, अक्षर माझ्यापेक्षा सुबक. थोडा वेळ पाटीकडे बघत राहिला.

‘लिख तो दूँ, भाऊसाब. पर कॉपी रखूँगा किसके घर?’

पंचायत भवनाची किल्ली सरपंचांच्या मुलाकडे असते. शाळेच्या कपाटाला कुलूप नाही. त्याचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं, भिंत कच्ची. मी म्हटलं, माझ्याकडे इंदूरला ठेवतो. म्हणताना कळलं, वही गावाबाहेर गेली की ती गावाची उरत नाही. १४ एप्रिलच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा म्हणून मी चौकशी केली, तर मला तिथे बोलता येणार नाही. माझं मत इंदूरला आहे.